शिक्क्याखालची नावं

२०१३ साली राणीच्या बागेकडे निघालेल्या माणसांना भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या दर्शनी भागावर कोळ्याचं एक अवाढव्य जाळं पसरलेलं दिसायचं. जवळ गेल्यावर लक्षात यायचं, की हे जाळं रबरी शिक्क्यांचं आहे. कारकुनाच्या टेबलावर असतात त्याच घडणीचे, पण आकाराने कितीतरी मोठे शेकडो शिक्के. प्रत्येकावर मुंबईतल्या एखाद्या रस्त्याचं इंग्रजी अमदानीतलं नाव होतं आणि त्यातलं प्रत्येक नाव पुढे बदलण्यात आलं होतं. ही कलाकृती रीना सैनी कल्लाट यांची. जन्म १९७३, दिल्लीचा. शिक्षण मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, कामही मुंबईतच.

जागेची निवड अचूक होती. हे संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी खुलं झालं ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट या नावाने. ते उभं राहावं म्हणून झटलेल्या भाऊ दाजींचं नाव त्याला मिळायला १९७५ साल उजाडावं लागलं. म्हणजे ज्या इमारतीवर पुसलेल्या नावांचं जाळं चढलं, तिचंच नाव एकदा बदललेलं होतं. हॉर्नबी रोडचा दादाभाई नौरोजी रोड झाला हे योग्यच झालं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण लॅमिंग्टन रोडला कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्ग म्हणतात आणि टॅक्सीवाल्याला आपण आजही लॅमिंग्टन रोडच सांगतो. सरकारदरबारी नाव एका शिक्क्याने बदलतं, जिभेवरचं बदलायला पिढ्या लागतात. या दोन वेगांमधलं अंतर दाखवायला शिक्क्याइतकं चपखल साधन दुसरं सापडलं नसतं.

गेली काही वर्षं आपल्याकडे शिक्के, शाई आणि रंग एकत्र वापरून मिश्र माध्यमात काम करणाऱ्यांची संख्या वाढते आहे. शुभेच्छापत्रं, कलावह्या, पुठ्ठ्यावरची चित्रं असं बरंच काही होतं. पण फुलंपाखरांच्या आयात केलेल्या तयार शिक्क्यांपाशीच बहुतेकांचं काम थांबतं. या साधनामागे शंभर वर्षांची कलापरंपरा आहे आणि त्या परंपरेचा खरा विषय सत्ता हा आहे. ते कळलं तर आपल्या हातून होणारं कामही अधिक खोल होईल, असं मला मनापासून वाटतं.

शिक्का जुना, रबर नवं. शिवकालीन पत्रात मायन्यापाशी मुद्रा असे आणि मजकुराच्या शेवटी मोर्तब. मोर्तब झालं की पत्र संपलं, त्याखाली कुणी काही वाढवू शकत नसे. शिक्क्याचं काम तेव्हापासून तेच: इथून पुढे शब्द नाही. पण धातूच्या मुद्रेला कसलेला हात आणि जबाबदार माणूस लागे. चार्ल्स गुडइयर या अमेरिकन माणसाने १८३९ मध्ये रबरात गंधक मिसळून ते तापवलं, तेव्हा उन्हाळ्यात चिकट आणि हिवाळ्यात ठिसूळ होणारं रबर स्थिर झालं. १८४४ मध्ये त्याला या प्रक्रियेचं पेटंट मिळालं. पुढे दंतवैद्य कवळ्यांचा पाया अशाच रबराचा करू लागले. त्यासाठी त्यांच्याकडे दाबाखाली तापणारी छोटी भांडी असत आणि १८६०च्या दशकात अमेरिकेत पहिले रबरी शिक्के शिजले ते याच भांड्यांमध्ये. रबर मऊ असल्यामुळे खडबडीत कागदाशीही जुळवून घेतं आणि स्वस्त असल्यामुळे प्रत्येक टेबलावर पोचतं. शिक्का मारण्याचा अधिकार राजाच्या हातातून कारकुनाच्या हातात आला तो असा.

त्याच काळात शाईही बदलली. १८५६ मध्ये विल्यम पर्किनने डांबरापासून मिळणाऱ्या रसायनांतून जांभळा रंग काढला आणि कृत्रिम रंगांची दारं उघडली. दाखल्यांवर, पावत्यांवर आपण जी जांभळी शाई पाहत आलो, ती याच कुळातली. मिथाइल व्हायोलेटसारखं रंगद्रव्य आणि त्याला जोड ग्लिसरीनची. ग्लिसरीन हवेतली ओल धरून ठेवतं, म्हणून पॅड झाकण उघडं राहिलं तरी लगेच सुकत नाही. हा रंग पाण्यात पसरतो आणि उजेडात विटतो. जो शिक्का कायमचा म्हणून मारला जातो, त्याची शाईच टिकाऊ नसते. जुन्या दस्तांवर कडेने फुटलेला, गुलाबीसर झालेला शिक्का पाहिला की मला हे प्रत्येक वेळी आठवतं.

पहिल्या महायुद्धानंतर मोडून पडलेल्या जर्मनीत, हॅनोव्हर शहरात, कुर्ट श्विटर्स या चित्रकाराने १९१९ मध्ये हे साधन प्रथम गंभीरपणे कलेत आणलं. ट्रामची तिकिटं, वेष्टनं, फाटके कागद तो गोळा करी आणि त्यांतून चिकटचित्रं करी. त्याच सुमाराच्या त्याच्या शिक्काचित्रांमध्ये कचेरीतल्या शब्दांचे शिक्के आडवे, तिरके, एकमेकांवर उमटवलेले आहेत. मधेच पेन्सिलीने काढलेली एखादी आकृती, एखादं चाक, एखादा चेहरा. ‘डेर स्टुर्म’ हे नियतकालिक आणि कलादालन चालवणाऱ्या बर्लिनच्या मंडळींच्या कचेरीतले शिक्केही त्यात दिसतात. हुकूम देणारे शब्द तिथे कुणालाच हुकूम देत नाहीत. ज्या राज्ययंत्रणेने लाखो तरुणांना कागदांवर शिक्के मारून रणांगणावर धाडलं, तिच्या पराभवानंतरच्या त्या वर्षात हे चित्र काढणं ही साधी गंमत असणं शक्य नव्हतं.

पॅरिसमध्ये १९५४ साली श्विटर्सच्या कामांचं प्रदर्शन भरलं. ते पाहून नीसच्या आर्मां या तरुण कलावंताने शिक्क्यांनी अख्खे कागद भरून काढायला सुरुवात केली. त्याच्या या कामांना ‘काशे’ म्हणतात, म्हणजे शिक्केच. इतके ठसे, की अक्षरं वाचताच येत नाहीत. उरते ती फक्त घनता, हाताच्या फेकीची दिशा आणि शाई संपत जाण्याची लय. पुढच्या दोन दशकांत टपालाने कला पाठवणाऱ्या कलावंतांचं जाळं जगभर पसरलं आणि त्यांनी शिक्का अक्षरशः खिशात ठेवला. ॲम्स्टरडॅममध्ये स्थायिक झालेल्या मेक्सिकोच्या उलिसेस कॅरिऑनसारख्यांनी त्याची पुस्तकंही केली. पूर्व युरोपात छापखाने सरकारच्या ताब्यात असताना खोडरबरावर कोरलेला शिक्का हाच अनेकांचा छापखाना झाला.

या सगळ्यांत मला सर्वांत जवळचा वाटतो तो सॉल स्टाइनबर्ग. १९१४ मध्ये रुमानियात जन्मलेला हा ज्यू चित्रकार इटलीत वास्तुशास्त्र शिकला. १९३८ साली इटलीत ज्यूविरोधी कायदे आले. त्याच वर्षी जर्मनीत ज्यूंच्या पारपत्रांवर लाल ‘जे’ मारायला सुरुवात झाली होती. एका अक्षराचा शिक्का आणि माणसाचं आयुष्य त्याखाली. स्टाइनबर्ग १९४१ मध्ये युरोपातून निसटला, व्हिसासाठी वर्षभर डोमिनिकन प्रजासत्ताकात अडकून पडला आणि १९४२ मध्ये अमेरिकेत पोचला. पुढे त्याने खोटी प्रमाणपत्रं, खोटे परवाने, खोटी पारपत्रं काढली. झोकदार पण वाचता न येणारं अक्षर आणि खाली दिमाखदार, निरर्थक शिक्के. १९५४च्या त्याच्या पुस्तकाचं नावच ‘द पासपोर्ट’ आहे. नंतर त्याने स्वतःच्या रेखाटनांचे रबरी शिक्के करून घेतले आणि जलरंगातल्या मोकळ्या आभाळाखाली तीच ती छोटी माणसं उमटवली. रंग हाताने, माणसं शिक्क्याने. यंत्रणेला माणूस कसा दिसतो हे त्याने एकाही शब्दाविना सांगितलं.

रीना कल्लाट यांचं काम या परंपरेत बसतं आणि तिला पुढेही नेतं. २००७ ते २००९ या काळातल्या त्यांच्या ‘सिनॉनिम’ मालिकेत पारदर्शक प्लेक्सिग्लासच्या फलकावर रबरी शिक्के दाटीवाटीने बसवलेले आहेत, जोडीला ॲक्रिलिक रंग. दुरून पाहिलं की साध्यासुध्या माणसाचा चेहरा दिसतो, ओळखपत्रावर असतो तसा. दोन पावलं पुढे आलं की चेहरा विरघळतो, रंगांचे तुकडे राहतात. अगदी जवळ गेलं की प्रत्येक तुकडा म्हणजे एक शिक्का आणि त्यावर वेगवेगळ्या भारतीय लिप्यांमधली नावं. ही नावं बेपत्ता म्हणून नोंद झालेल्या माणसांची आहेत. ज्याच्या नोंदीवर शिक्का बसला आणि जो कधी परतला नाही, अशा शेकडोंच्या नावांनी मिळून एक चेहरा. इथे शिक्का कागदावर उमटतच नाही. साधन हेच चित्र होऊन समोर उभं राहतं. माझ्या मते समकालीन भारतीय कलेतलं हे एक फार मोठं काम आहे, आणि त्याबद्दल मराठीत जितकं लिहिलं जायला हवं होतं तितकं लिहिलं गेलेलं नाही.

२००८च्या त्यांच्या आणखी एका कामात ठसे थेट माणसाच्या शरीरावर आहेत. ऑक्टोबर १९४७ ते डिसेंबर १९४८ या काळात काश्मीरमधली ताबारेषा कशी सरकत गेली, ते शिक्क्यांच्या ठशांनी अंगावर उमटवलं आणि त्याची छायाचित्रं घेतली. फाळणीबद्दल आपण खूप वाचलेलं असतं; पण त्वचेवर फिरणारी ती रेषा पाहताना नकाशा पहिल्यांदा अंगाला लागतो.

आता प्रत्यक्ष कामाबद्दल. यासाठी परदेशातून काही मागवायची गरज नाही. आपल्याकडे कोर्टकचेऱ्यांच्या आसपास शिक्के करून देणारी छोटी दुकानं असतातच. पूर्वी तिथे शिशाचे खिळे जुळवत, त्यांचा साचा घेत आणि कच्च्या रबराची पट्टी गरम दाबयंत्रात ठेवून शिजवत. आता मजकूर संगणकावर लागतो आणि लेसर रबर कोरतो. तुमचं रेखाटन, आजीची सही, मोडीतली एखादी ओळ, काहीही दिलं तर त्याचा शिक्का होतो. मागताना एवढंच सांगा: लाकडी मुठीचा, पॅडवर टेकवायचा शिक्का द्या. आतच शाई भरलेले जे नवे शिक्के मिळतात, त्यांचा पृष्ठभाग सच्छिद्र फोमचा असतो. त्याला रंग लागला की छिद्रं बुजतात आणि शिक्का कायमचा निकामी होतो. स्वतः कोरायचं असेल तर मोठं खोडरबर आणि लिनोचं हत्यार पुरतं. पाती बाहेरच्या बाजूला कलती धरावी, म्हणजे रेषेच्या बुडाशी रबर रुंद राहतं. आतून पोखरलेली रेषा चार ठशांत वाकते. शाळेत भेंडी आणि बटाट्याचे ठसे ज्यांनी मारलेत, त्यांना अक्षर उलटं कोरायचं हे वेगळं सांगायला नको.

जाड जलरंगाच्या कागदावर पातळ ॲक्रिलिकचा हात देऊन तो पूर्ण सुकू द्या. असा थर शाई शोषत नाही. कचेरीची जांभळी शाई त्यावर ओलीच राहते आणि बोट लागलं की फरफटते. तिथे द्रावकयुक्त शाई वापरावी, ती क्षणात धरते. उलट साध्या कोऱ्या कागदावर आधी जांभळा ठसा मारला आणि वरून पांढरा पोस्टर रंग किंवा ॲक्रिलिक लावला, तर काही वेळात ते जांभळं रंगद्रव्य पांढऱ्या थरातून वर झिरपतं. झाकलेलं अक्षर सावलीसारखं परत येतं. बरेच जण याला दोष मानतात आणि मधे शेलॅकचा हात देऊन झिरपणं अडवतात. मी म्हणेन, विषय पुसलेल्या नावांचा असेल तर ते अडवू नये. शाई आपणहून जे सांगते आहे, ते कुंचल्याने सांगायला फार कौशल्य लागलं असतं.

आणखी एक गोष्ट फार उपयोगाची आहे. शिक्का एकदा पॅडवर टेकवून लागोपाठ चार ठसे मारावेत. पहिला गडद, दुसरा स्वच्छ, तिसरा फिका, चौथा जेमतेम. चौथा मागे जातो, पहिला पुढे येतो आणि सपाट कागदाला खोली मिळते. रंगाने ठसा घ्यायचा तर शिक्का रंगात बुडवू नये. स्पंजने पातळ थर द्यावा आणि ठसा घेतल्याबरोबर शिक्का ओल्या फडक्याने पुसावा. ॲक्रिलिक रंग रबराच्या खाचांत सुकला की निघत नाही. रॉकेल किंवा पेट्रोलने तर मुळीच पुसू नये, त्याने रबर फुगतं आणि अक्षरं बेढब होतात.

वाचकांना माझी एक विनंती आहे. बंद पडलेल्या गिरण्या, गुंडाळलेल्या सहकारी पतपेढ्या, जुनी ग्रंथालयं, नाटक मंडळ्या, पेढ्या, शाळा यांचे शिक्के कुठल्यातरी खणात, गंजक्या डब्यात पडलेले असतात आणि घर आवरताना कचऱ्यात जातात. ते टाकू नका. सरकारी किंवा चालू संस्थेचे असतील तर ते त्या संस्थेकडे परत करा; त्यांचा वापर करणं गुन्हा आहे. बाकीचे मऊ ब्रशने कोमट पाण्यात धुऊन सावलीत वाळवा, कारण उन्हाने रबराला भेगा पडतात. प्रत्येकाचा एक ठसा चांगल्या कागदावर घ्या आणि त्याखाली गाव, संस्था आणि माहीत असेल तर साल लिहून ठेवा. तुमच्या ओळखीत चित्रकलेचं कुणी शिकत असेल, तर तो संच त्यांच्या हाती द्या.