जमेला किती, कामाला किती

सकाळी 7.30

पहिलं काम मिथेनॉल देण्याचं. शेकरवरच्या एक लिटरच्या फ्लास्कमध्ये माध्यम फक्त 100 मिलिलिटर, आणि त्यात पिचिया पास्टोरिस नावाचं यीस्ट. एवढी जागा मोकळी ठेवायची ती हवेसाठी. मिथेनॉलवर जगताना या यीस्टला प्राणवायू भरपूर लागतो, म्हणून तोंडाला बूच न लावता जाळीदार कापडाच्या घड्या बांधलेल्या असतात. माणसाच्या जठरात चरबी फोडणारं जे लायपेज असतं, त्याचा जीन या यीस्टच्या गुणसूत्रात बसवला आहे. जीनच्या अलीकडे जोडलेला प्रमोटर मिथेनॉल मिळाल्यावरच चालू होतो. ग्लिसरॉलवर यीस्ट नुसतं वाढतं. ते संपून मिथेनॉल आलं की लायपेज बनवून माध्यमात सोडू लागतं.

दर 24 तासांनी अर्धा टक्का, म्हणजे या फ्लास्कला अर्धा मिलिलिटर. कमी दिलं तर यीस्ट उपाशी राहतं, जास्त दिलं तर मरतं. शेकरचं तापमान 30 अंशांवरून 24 वर आणलं आहे. वाढ मंदावते, पण यीस्टची स्वतःची प्रोटिएज आमच्या प्रथिनाचे जे तुकडे पाडतात, ते कमी होतात.

सकाळी 9.00

दुसऱ्या शेकरवरचे फ्लास्क आज उतरवायचे. बाटल्या तराजूवर जोडीजोडीने समतोल करून सेंट्रीफ्यूजमध्ये, 4 अंशांवर. यीस्टचा पेलेट तळाला बसतो. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला आलेली मुलगी शेजारी उभी आहे.

"ताई, पेलेट फ्रीझरला ठेवू ना?"

"नाही गं, पेलेट ऑटोक्लेव्हला. आपला माल वरच्या पाण्यात आहे."

ई. कोलायवर हात बसलेल्या सगळ्यांची इथे अशीच गल्लत होते. तिथे प्रथिन बहुधा पेशीच्या आत अडकलेलं असतं. पिचिया ते बाहेर सोडतं, आणि स्वतःची इतर प्रथिनं फारशी सोडत नाही, हाच त्याचा मोठा गुण. शिवाय या लायपेजवर साखरेच्या साखळ्या चढाव्या लागतात, ई. कोलायला ते काम येत नाही. 1987 मध्ये हा जीन पहिल्यांदा वेगळा केला गेला, तेव्हाही एन्झाइम बनवून पाहिलं ते यीस्टमध्येच.

सकाळी 10.30

हिरवट-पिवळं पाणी बरंच आहे आणि त्यात मीठही भरपूर. 30 किलोडाल्टनचं छिद्र असलेल्या पटलातून ते फिरवून आटवायचं. लायपेज सुमारे 50 किलोडाल्टनचं, त्यामुळे ते मागे राहतं. पाणी आणि मीठ निघून जातं. फेस होऊ द्यायचा नाही, कारण हवेच्या बुडबुड्यावर चढलेलं लायपेज उलगडून निकामी होऊ शकतं. पाणी आणि तेल जिथे भेटतात त्या सीमेवर बसून काम करणं हा त्याचा स्वभाव. पण त्याच स्वभावामुळे ते नळीला, पटलाला, प्लास्टिकला कुठेही चिकटतं.

मग कोल्ड रूममध्ये कॉलम. पीएच 5 ला या लायपेजवर धनभार असतो, म्हणून ऋणभारित रेझिनवर ते अडकतं आणि मिठाचं प्रमाण हळूहळू वाढवलं की सुटतं. एक बुटकं आणि एक उंच, अशा दोन शिखरांचा आलेख पडद्यावर उमटतो. मुलगी उंच शिखराकडे बोट दाखवते. मी म्हणते, "ते प्रथिन आहे एवढंच कळलं. लायपेज कुठलं ते दुपारी."

दुपारी 1.00

डबे उघडताना तिने विचारलं, औषधाच्या दुकानात लायपेजच्या कॅप्सूल मिळतात, मग हा खटाटोप कशाला?

त्या कॅप्सूलमधलं लायपेज डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेलं असतं. जुनाट स्वादुपिंडदाहात किंवा सिस्टिक फायब्रोसिसमध्ये माणसाचं स्वतःचं लायपेज आतड्यात पोचत नाही, चरबी न पचता शौचातून जाते, वजन उतरत राहतं. अशा रुग्णाला डुकराचं लायपेज खरोखर तारतं. पण ते जठरातल्या आम्लात टिकत नाही. पीएच 4 च्या खाली कायमचं निकामी होतं. म्हणून दाण्यांवर आम्लाला न विरघळणारा थर द्यावा लागतो. शिवाय आपल्याकडच्या शाकाहारी किंवा मुसलमान रुग्णाला ते डुकराचं आहे हे सांगणं डॉक्टरांनाही अवघड जातं.

जठरातलं लायपेज मुळातच आम्लात राहणारं. पेप्सिन त्याला खात नाही, आणि स्वादुपिंडाच्या लायपेजला कोलायपेज नावाचं जे जोडीदार प्रथिन लागतं, ते याला लागत नाही. माणसाच्या जठररसातून हे एन्झाइम शुद्ध करून 1982 मध्ये त्याचे गुणधर्म मांडणारे तिरुपती आणि बालसुब्रमणियन वेल्लोरचे होते, हे तिला ठाऊक नव्हतं. रस्ता सोपा आहे असं मात्र नाही. बॅक्टेरियातून काढलेलं एक लायपेज औषध म्हणून बरंच पुढे गेलं होतं. 2018 च्या मोठ्या चाचणीत ते डुकराच्या एन्झाइमच्या बरोबरीला उतरलं नाही.

दुपारी 2.30

पीएच-स्टॅटची वेळ. 37 अंशांच्या भांड्यात ट्रायब्युटिरिन नावाची छोट्या साखळीची चरबी, पाणी, मीठ, थोडे पित्तक्षार आणि अल्ब्युमिन. शेवटचे दोन घटक नसतील तर लायपेज चरबीच्या थेंबावर चढताच गळून पडतं. कॉलममधून उतरलेल्या एका फ्रॅक्शनचे थोडे मायक्रोलिटर सोडले की ब्युटिरिक आम्ल सुटू लागतं, पीएच 6 वरून खाली सरकू पाहतो, आणि यंत्र कॉस्टिक सोड्याचे थेंब सोडून त्याला जागेवर धरतं. मिनिटाला एक मायक्रोमोल आम्ल, म्हणजे एक युनिट. 0.1 मोलर सोडा मिनिटाला 0.1 मिलिलिटर खर्च झाला, तर भांड्यात 10 युनिट आहेत.

पिवळा रंग पाहून मोजायची सोपी पद्धत इथे लंगडी पडते, कारण तो रंग आम्लात दिसतच नाही. खोलीभर खवट लोण्याचा वास पसरतो. लॅबमधले काका दार लावून घेतात.

उंच शिखरात जवळपास काहीच नाही. बुटक्या शिखराने सोडा भराभर ओढला. मग त्याच फ्रॅक्शनमध्ये ऑर्लिस्टॅट. वजन कमी करण्याच्या गोळीतलं हे औषध लायपेजच्या कामाच्या जागेवरच्या सेरीनला पकडून ठेवतं. सोडा थांबला. काम लायपेजचंच होतं.

दुपारी 4.30

जेल. आमचं प्रथिन रेघेऐवजी पसरट डाग होऊन दिसतं, कारण प्रत्येक रेणूवर यीस्टने चढवलेल्या मॅनोजची लांबी वेगळी. एंडो-एच लावून साखर कापलेल्या शेजारच्या रांगेत तोच डाग खाली उतरून एक घट्ट रेघ झाला आहे. रक्तात टोचायचं एन्झाइम असतं तर ही यीस्टची साखर मोठी अडचण ठरली असती. तोंडाने घ्यायच्या एन्झाइमला तिचा जाच कमी.

संध्याकाळी 6.00

आता हिशेब. एका कागदावर प्रत्येक पायरीचं आकारमान, मिलिग्रॅम प्रथिन, एकूण युनिट, आणि दर मिलिग्रॅमला युनिट. शेवटचा रकाना वर चढत जातो, म्हणजे माल शुद्ध होतो आहे. एकूण युनिटांचा रकाना उतरत जातो, आणि औषधाचं खरं भवितव्य त्यातच आहे. प्रत्येक पायरीत 70 टक्के वाचले तर तीन पायऱ्यांनंतर हाती 34 टक्के उरतात. प्रत्येक पायरी एकटी पाहिली तर चांगलीच वाटते.

मुलीने लगेच भागाकार मांडला. मुख्य जेवणाबरोबर रुग्णाला 40 ते 50 हजार युनिट देतात, मग आपले किती फ्लास्क लागतील? मी तिला थांबवलं. कॅप्सूलवरची युनिटं ऑलिव्ह तेलावर मोजलेली, आमची ट्रायब्युटिरिनवर. नाव एक असलं तरी माप वेगळं. आमची युनिटं लांब साखळीच्या तेलावर, जेवणाच्या पीएचला पुन्हा मोजल्याशिवाय तो भागाकार करता येत नाही.

संध्याकाळी 7.00

लॅबच्या प्रमुख मॅडम केबिनमधून निघताना विचारतात, "किती निघालं?" मी मिलिग्रॅम न सांगता कागद पुढे करते. त्यांचं बोट सरळ पटलाच्या ओळीवर थांबतं. सगळ्यात मोठी घट तिथेच आहे. प्रथिन फारसं गेलेलं नाही, काम गेलं आहे. धुवून काढलेल्या बफरमध्येही ते सापडत नाही.

"उद्या आटवूच नका," त्या म्हणतात. "पाणी घालून मीठ पातळ करा आणि सगळं तसंच कॉलमवर चढवा."

म्हणजे आकारमान दुपटी-तिपटीने वाढणार आणि कॉलम दिवसभर चालणार. पण एक अख्खी पायरी गळते, आणि गळलेल्या पायरीत काही वाया जात नाही. मी मुलीला उद्या सातलाच यायला सांगते आणि जास्तीचा बफर बनवायला घेते.