डॉक्टर, वर्षानंतर फोन कराल?

आईने आधी मला काही सांगितलंच नाही. कुकर वरच्या फळीवरून खाली ओट्यावर आला, साड्यांच्या जागी पुढून बटणं असलेले कुर्ते आले, तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. ‘अगं, खांदा धरलाय थोडा,’ एवढंच उत्तर. थोडा म्हणजे किती? तर केसांना क्लिप लावता येत नव्हती आणि रात्री त्या कुशीवर झोपता येत नव्हतं!

मग कोथरूडहून आमची वरात निघाली एका चकाचक हॉस्पिटलात. सात मिनिटांत निदान, ‘फ्रोझन शोल्डर’. एक इंजेक्शन, गोळ्यांची चिठ्ठी आणि ‘दोन आठवड्यांत एकदम फिट’ हे आश्वासन. बिल भरून रिक्षात बसतोय तोच मोबाइलवर मेसेज. आमच्या सेवेला किती स्टार द्याल? पार्किंगची सोय कशी वाटली? (आम्ही रिक्षाने गेलो होतो.) दोन आठवडे गेले, दोन महिने गेले, हात होता तिथेच. पण ‘हात वर जातो का हो?’ हे विचारायला तिथून कुणाचा फोन आला नाही.

दुसरे डॉक्टर खास खांदा आणि कोपराचे सर्जन. त्यांनी आधी आईची शुगर तपासायला सांगितली, कारण डायबिटीस असलेल्यांना हे दुखणं जास्त होतं. मग दोन्ही हात फिरवून बघितले आणि म्हणाले, ‘काकू, खोटं सांगत नाही. वर्ष-दीड वर्ष लागेल. ऑपरेशनची घाई करू नका.’ फिजिओथेरपिस्ट मुलीने आईला टेबलाशी वाकवलं. एक हात टेबलावर, दुखरा हात सैल सोडलेला, आणि घड्याळाच्या लंबकासारखे हलके झोके. आई वैतागली, ‘हा काय व्यायाम?’ ती हसून म्हणाली, ‘याला कॉडमन म्हणतात, काकू.’

मला वाटलं, एखादा ब्रँड असेल. रात्री सर्च केलं आणि डेडलाइन विसरून वाचतच बसले.

अर्नेस्ट अमोरी कॉडमन. जन्म १८६९, बॉस्टनचा. हार्वर्डमध्ये डॉक्टरी शिकताना पेशंटला ईथर देऊन झोपवायचं काम या पोरांकडे असायचं. कॉडमन आणि त्याचा वर्गमित्र हार्वे कुशिंग (हाच पुढे मेंदूचा जगप्रसिद्ध सर्जन झाला) यांनी पैज लावली, भूल कोण जास्त चांगली देतो! पैजेतून दोघं पेशंटची नाडी वगैरे कागदावर टिपायला लागले. भूल देताना ठेवलेल्या अगदी सुरुवातीच्या तक्त्यांमध्ये आज त्यांची गणना होते. नोंद ठेवायची ही खोड कॉडमनला जन्मभर पुरली. खरं तर जन्मभर नडली.

पुढे मॅसेच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये सर्जन झाल्यावर त्याने एक साधी गोष्ट मागितली. प्रत्येक पेशंटचं एक कार्ड करा. त्रास काय होता, आपण काय केलं, आणि एका वर्षानंतर तो बरा आहे का? नसेल तर का नाही? त्याने याला नाव दिलं ‘एंड रिझल्ट’. आणि सर्जनला बढती द्यायची तर ती या हिशेबावर, सीनियॉरिटीवर नाही!

हे कुठल्या सीनियरला आवडणार? तुमच्या ऑफिसात आवडेल? १९१४ मध्ये त्याने राजीनामा दिला. तोवर, १९११ मध्येच, त्याने स्वतःचं छोटंसं हॉस्पिटल काढलं होतं. पाच वर्षांत तिथून ३३७ पेशंट घरी गेले. कॉडमनने त्यात १२३ चुका मोजल्या आणि चक्क छापून प्रसिद्ध केल्या. इथे हात कमी पडला, इथे निर्णय चुकला, इथे निदान, इथे काळजी. आपल्या अप्रेझल फॉर्ममध्ये एक चूक लिहायची झाली तरी आपण त्याला ‘लर्निंग’ म्हणतो!

जानेवारी १९१५ मध्ये तर त्याने भर सभेत एक व्यंगचित्र उघडलं. वाळूत डोकं खुपसलेला शहामृग म्हणजे श्रीमंत पेशंट, आणि मागे सोन्याची अंडी गोळा करणारे डॉक्टर. गावभर गहजब झाला. हार्वर्डमधली शिकवण्याची नोकरीही गेली.

१९३४ मध्ये त्याने स्वतःच्या खर्चाने खांद्यावर जाडजूड पुस्तक छापलं. आईच्या दुखण्याचं ‘फ्रोझन शोल्डर’ हे नाव त्यातूनच आलं. १९४० मध्ये तो गेला, तेव्हा कबरीवर नावाचा दगडही नव्हता. तो बसला २०१४ मध्ये!

पण कल्पना मेली नाही. हॉस्पिटलांचा दर्जा तपासणाऱ्या ज्या कमिटीचा तो अध्यक्ष होता, तिच्या कामातून पुढे १९५१ मध्ये अमेरिकेत आजचं ‘जॉइंट कमिशन’ उभं राहिलं. त्यांच्या आंतरराष्ट्रीय शाखेचं मानांकन आपल्याकडच्याही काही मोठ्या हॉस्पिटलांच्या लॉबीत झळकतं. सर्टिफिकेट आहे, उत्तम. पण कॉडमनचा मूळ प्रश्न भिंतीवर टांगायचा नव्हता, पेशंटला विचारायचा होता.

तेव्हा मंडळी, दिवसभर माउस धरून दुखणारा तुमचा खांदा बहुधा फ्रोझन शोल्डर नसेल. ते दुखणं जास्त करून चाळिशी ते साठीतलं. पण डॉक्टरांकडे गेलात तर लॉबीतल्या कॉफी मशीनवर भाळू नका. तीन प्रश्न विचारा. काहीच केलं नाही तर काय होईल? ऑपरेशन केलंत तर वर्षानंतर माझा हात कुठपर्यंत जाईल? आणि तो गेला की नाही, हे तुम्हाला कसं कळणार?

आईला चौदा महिने लागले. कुकर परत वरच्या फळीवर गेला, त्या दिवशी मी दोन्हीकडे मेसेज केला, ‘आईचा हात वर जातो.’ दुसऱ्या डॉक्टरांचं दहा मिनिटांत उत्तर आलं, ‘छान! अंगठा पाठीवर कुठपर्यंत पोचतो? फोटो पाठवा, नोंद ठेवतो.’ आई पाठमोरी उभी राहून पोझ देत होती.

पहिल्या हॉस्पिटलकडून दोन निळ्या टिक आल्या. या वेळी पार्किंगचं विचारलं नाही, एवढंच!