९५ अंशांची धास्ती

रायझन ९ ७९५०एक्स प्रोसेसर घेतलेल्या माणसाची सुरुवात बहुधा अशी होते. मशीन जोडून होतं, हौसेनं सिनेबेंच ही वेगचाचणी लावली जाते, स्क्रीनवर ९५ अंश सेल्सिअस दिसतं आणि पोटात गोळा येतो. दुकानदार, मित्र, इंजिनीअर पुतण्या, सगळ्यांचं निदान एकच: कूलर बदला. मग तीन पंख्यांचा महागडा लिक्विड कूलर येतो. टेस्ट पुन्हा चालते. आकडा? ९५. आता शिव्या नव्या कूलरला.

त्या बिचाऱ्याचा यात काडीचाही दोष नसतो. सप्टेंबर २०२२मध्ये रायझन ७००० मालिका बाजारात आणताना एएमडीनंच सांगितलं होतं, की जड कामात ९५ अंशांपर्यंत जाणं हे या चिपचं ठरवून दिलेलं वागणं आहे. विजेची नाहीतर तापमानाची मर्यादा गाठेपर्यंत ती वेग वाढवत राहते. कूलरनं जास्त उष्णता ओढून नेली, की ती आणखी थोडा वेग घेते आणि पुन्हा ९५वर येते. म्हणजे पैसे पाण्यात गेलेले नसतात, ते वेगात गेलेले असतात. क्लॉकचा आकडा त्याच विंडोत असतो. तो मात्र कुणी वाचत नाही!

दुसरी अडचण चिपच्या बांधणीत आहे. आठ-आठ कोअर जेमतेम ७० चौरस मिलिमीटरच्या तुकड्यावर बसवलेले, वर धातूचं जाड झाकण. जुन्या एएम४ सॉकेटचे कूलर नव्या सॉकेटवरही बसावेत म्हणून ते झाकण जाड ठेवावं लागलं. जर्मनीतल्या 'डेरबाउअर' या प्रसिद्ध ओव्हरक्लॉकरनं याच मालिकेतल्या ७९००एक्सचं झाकण उचकटून कूलर थेट चिपवर टेकवला, तेव्हा तापमान सुमारे २० अंशांनी उतरलं. उष्णता वाटेतच अडते ती अशी. (हा प्रयोग घरी करू नये, वॉरंटी गेलीच म्हणून समजावं.)

आकडा उतरवायचाच असेल तर बायोसमध्ये जाऊन इको मोड लावावा. ७९५०एक्सची २३० वॅटची मर्यादा त्यात १४२ किंवा ८८ वॅटवर आणता येते. तोही फुकटचा उपाय.

मग चांगला कूलर घ्यायचाच नाही का? असं कोण म्हणतं! रायझन ५ ७६००ची विजेची मर्यादा मुळातच ८८ वॅट. सोबत मिळणारा छोटा कूलर काढून बरा टॉवर कूलर बसवला, तर तिथे तापमानही उतरतं आणि आवाजही.

'मोठ्या कूलरनं खोली थंड राहते' हे तर ऐकवत नाही. प्रोसेसरनं २३० वॅट घेतले की तेवढीच उष्णता खोलीत येणार, कूलर कुठलाही असो. साधा पंखा किंवा पाणी प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. नागपुरात मे महिन्यात तर हिशेबच चाळिशीपासून सुरू होतो.

लिक्विड कूलरची परीक्षा दोन मिनिटांत करू नये. पाणी तापायला वेळ लागतो, अर्ध्या तासानंतरचा आकडा खरा.

कूलरखाली लावायची पेस्ट जास्त म्हणजे थंडावा जास्त, हेही खोटं. पेस्ट दोन धातूंमधल्या बारीक फटी बुजवण्यापुरती. तांब्यापुढे ती फारच मंद उष्णतावाहक. मटाराच्या दाण्याएवढी पुरते.

आणि खरोखरच नवा कूलर लावून मशीन पहिल्यापेक्षा जास्त तापत असेल, तर तो उलटा करून तळ बघावा. 'लावण्यापूर्वी काढा' असं छापलेली पारदर्शक फिल्म पुष्कळदा तिथेच सापडते.