टॅरँटुलाचे संगोपन व प्रजनन

टॅरँटुलाचे संगोपन व प्रजनन म्हणजे थेरॅफोसिडी या कुलातील मोठ्या, केसाळ कोळ्यांना बंदिवासात वाढवून त्यांच्यापासून पुढील पिढी मिळविणे होय. युरोप व अमेरिकेत हा छंद अनेक दशकांपासून रूढ असून आफ्रिकेतील दुर्मीळ जातींना त्यात विशेष मागणी असते. भारतात हा विषय छंदापेक्षा वन्यजीव संरक्षणाशी अधिक निगडित आहे. कारण सह्याद्रीत या आफ्रिकी कोळ्यांचे जवळचे नातलग राहतात आणि त्यांपैकी काहींचा ज्ञात प्रदेश अत्यंत लहान आहे. (या लेखात मराठी विश्वकोशाच्या परिपाठाप्रमाणे 'प्रजाती' हा शब्द वंशासाठी आणि 'जाती' हा त्याखालील घटकासाठी वापरला आहे. वृत्तपत्रांत नेमके उलट लिहिले जाते व त्यामुळे गोंधळ होतो.)

नाव

'टॅरँटुला' हे नाव इटलीतील तारांतो या शहरावरून आले. मूळचा तो कोळी वेगळ्याच कुलातील, लांडगा-कोळी म्हणून ओळखला जाणारा होता. पुढे युरोपीय प्रवाशांनी उष्ण प्रदेशातील प्रत्येक मोठ्या केसाळ कोळ्याला तेच नाव दिले. संस्कृतात कोळ्याला 'ऊर्णनाभ' व 'लूता' असे शब्द आहेत आणि सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात लूताविषाची चर्चा येते. ती वर्णने आजच्या कोणत्याही एका जातीशी जुळविण्याचा मोह टाळलेला बरा.

आफ्रिका आणि सह्याद्री

टॅरँटुलांच्या युमेनोफोरिनी या उपकुलातील बहुतेक प्रजाती आफ्रिकेत आढळतात. केनिया व टांझानियातील पेलिनोबियस म्यूटिकस (कार्श, 1885), कॅमेरूनमधील हिस्टेरोक्रेटीस गायगॅस (पोकॉक, 1897) आणि येमेनच्या सोकोत्रा बेटावरील निळसर पायांचा मोनोसेंट्रोपस बालफोरी ही त्यांतील प्रसिद्ध नावे होत. याच उपकुलात भारतातील हेटरोफ्रिक्टस, नियोहेटरोफ्रिक्टस व सह्याड्रोअरेनियस या प्रजातींचा समावेश केला जातो. मादागास्करसह भारतीय भूखंड सुमारे 16 कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेपासून आणि सुमारे 9 कोटी वर्षांपूर्वी मादागास्करपासून विलग झाला. बीळ सोडून फारसे दूर न जाणाऱ्या या प्राण्यांनी समुद्र ओलांडला असेल हे संभवत नाही; म्हणून त्यांचे हे नाते गोंडवन या प्राचीन महाखंडाची खूण मानले जाते.

सह्याद्रीतील टॅरँटुलांचा पहिला पद्धतशीर अभ्यास रेजिनाल्ड इनेस पोकॉक यांनी केला. 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या मालेतील त्यांचा अष्टपाद प्राण्यांवरील खंड 1900 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर जवळजवळ शतकभर या विषयाकडे कोणी फारसे वळले नाही. 2014 मध्ये मिर्झा, सानप व त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम घाटातील युमेनोफोरिनींच्या काही नव्या जातींचे वर्णन केले. त्यांत मुंबईच्या आरे वसाहतीवरून नाव दिलेली हेटरोफ्रिक्टस आरेयेन्सिस आणि आंबोलीवरून नाव दिलेली नियोहेटरोफ्रिक्टस अंबोली या जाती आहेत. आंबोली सिंधुदुर्ग जिल्ह्यात असली तरी तेथे उगम पावणारी हिरण्यकेशी पुढे आजऱ्यावरून वाहते. जांभ्याचे सडे, त्यांमधील सदाहरित रानाचे पट्टे आणि मुसळधार पाऊस हे सारे आंबोलीपासून आजऱ्याच्या पश्चिम भागापर्यंत सलग आहे. कोळ्याला जिल्ह्याची हद्द ठाऊक नसते.

संगोपन

पूर्व गोलार्धातील टॅरँटुलांना अमेरिकेतील जातींप्रमाणे खाज आणणारे केस उडविता येत नाहीत. त्यामुळे डिवचले असता ते पुढचे पाय उचलून विषदंत दाखवितात; काही जाती अवयव एकमेकांवर घासून फुसकारल्यासारखा आवाज काढतात. त्यांना हातावर घेणे सर्वस्वी वर्ज्य आहे. दंशाने माणूस दगावत नाही. परंतु काही जातींच्या विषाने तीव्र वेदना व स्नायूंचे आकडे येऊ शकतात. कोळ्याच्या दृष्टीने धोका वेगळाच आहे. त्याचे उदर इतके नाजूक असते की हातभर उंचीवरून पडल्यासही ते फाटू शकते.

बीळ करणाऱ्या जातीला उंच पेटीपेक्षा खोल माती हवी असते. पेलिनोबियसच्या मागच्या पायांची जोडी जाड असते व तो खोल बीळ खणतो; उथळ भांड्यात ठेवल्यास तो सतत अस्वस्थ राहतो. वरची माती कोरडी व तळाची किंचित ओलसर, तापमान 24 ते 28 अंश सेल्सियस, पाण्याची एक लहान वाटी आणि आठवड्या-पंधरवड्यातून एखादे झुरळ किंवा रातकिडा एवढ्यावर त्याचे भागते. कात टाकण्याच्या सुमारास तो खाणे सोडतो. अशा वेळी जिवंत रातकिडा आत राहिल्यास तोच मऊ पडलेल्या कोळ्याला कुरतडतो. नवशिक्यांकडील कित्येक कोळी असेच मरतात.

प्रजनन

प्रजननातील खरी अडचण वेळ जुळविण्याची आहे. नर शेवटची कात टाकून वयात येतो तो मादीच्या कितीतरी आधी, आणि त्यानंतर बहुधा वर्षभरात मरतो. मादी मात्र अनेक वर्षे, काही जातींत दोन दशकांहून अधिक जगते. त्यामुळे एकाच कोशातून निघालेली भावंडे एकाच वेळी वयात येत नाहीत. पेलिनोबियस तर इतका सावकाश वाढतो की पालकाला कित्येक वर्षे वाट पाहावी लागते. परिणामी दीर्घकाळ त्याच्या बाजारात रानातून पकडलेल्या माद्याच अधिक होत्या.

वयात आलेला नर लहानसे जाळे विणून त्यावर शुक्रद्रव सोडतो व ते स्पर्शपादांच्या टोकांशी असलेल्या फुगीर अवयवांत भरून घेतो. मग तो मादीच्या बिळाशी जाऊन पायांनी ठोके देतो. मादी राजी असल्यास उलट ठोके देते. अनेक जातींच्या नरांच्या पहिल्या पायांवर आकडे असतात. त्यांनी तो मादीचे विषदंत अडवून धरतो आणि काम होताच पळ काढतो. न जमल्यास मादी त्याला खाते.

मादी शुक्रद्रव शरीरातील पिशव्यांत साठवून ठेवते. या पिशव्यांचे अस्तर कातेबरोबर बाहेर पडते. म्हणून मीलनानंतर अंडी देण्यापूर्वी मादीने कात टाकली तर सारे श्रम वाया जातात. जाणते पालक मादीने नुकतीच कात टाकल्यानंतरच नर सोडतात. पुढे काही आठवडे माती कोरडी ठेवून मग भरपूर पाणी दिले जाते. हे पावसाळ्याचे अनुकरण होय. मादी रेशमी कोशात अंडी घालते व तो कोश उलटसुलट फिरवीत राखते. भीती वाटल्यास ती तो खाऊन टाकते. यासाठी काही जण कोश काढून घेऊन हाताने फिरवितात. पिल्लांची संख्या जातीनुसार काही डझनांपासून कित्येक शेकड्यांपर्यंत असते. बहुतेक जातींची पिल्ले थोड्याच दिवसांत एकमेकांना खाऊ लागतात. सोकोत्रातील मोनोसेंट्रोपस मात्र एकत्र नांदतो.

बंदिवास आणि रान

बंदिवासातील पैदाशीने रानातील कोळी वाचतो, असा युक्तिवाद केला जातो. आंध्र प्रदेशातील पिसिलोथेरिया मेटॅलिका या निळ्या कोळ्याचे उदाहरण त्याविरुद्ध जाते. पोकॉकने 1899 मध्ये वर्णिलेला हा कोळी गुत्ती येथे रेल्वेच्या लाकूडवखारीत मिळाला होता व नंतर शंभर वर्षे पुन्हा दिसला नाही. आज पाश्चात्य देशांत तो पेट्यांमधून विपुल आहे. रानात मात्र तो अतिसंकटग्रस्त आहे, आणि पेट्यांतील एकही पिढी त्या रानाच्या उपयोगी पडलेली नाही.

पिसिलोथेरिया ही संपूर्ण प्रजाती 2019 मध्ये साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आली. वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीनुसार या परिशिष्टांतील जिवंत प्राणी बाळगणाऱ्यास ते, त्यांची पिल्ले व हस्तांतर यांची नोंदणी करावी लागते. त्यासाठीचे नियम 2024 मध्ये लागू झाले. 2019 च्या त्या निर्णयात भारतातील याच एका प्रजातीचा समावेश होता. नियोहेटरोफ्रिक्टससारखे तपकिरी, अनाकर्षक कोळी त्याबाहेर राहिले. आंबोलीतील हिरण्यकेशीच्या उगमकुंडातील मासा वर्णनानंतर वर्षभरातच जैवविविधता वारसास्थळाचे निमित्त ठरला. कोळ्याच्या वाट्याला असे काही आलेले नाही. त्याचा अधिवास आंबोली-दोडामार्ग व आजरा-भुदरगड संवर्धन राखीव क्षेत्रांमुळे अंशतः सुरक्षित झाला असला, तरी रस्तारुंदीकरणात दरडी तासल्या जातात तेव्हा बिळे त्यांच्याबरोबर जातात. संग्राहकांना वाट सापडू नये म्हणून अशा जातींची नेमकी ठिकाणे या लेखात दिलेली नाहीत. संपादकांनीही ती भरू नयेत.