‘झिरो माइल’ देशाचा मध्य नव्हे

नागपूरचा ‘झिरो माइल’ म्हणजे भारताचा भौगोलिक मध्य, आणि इंग्रजांनी देशभरातली अंतरं तिथूनच मोजली, ही समजूत नागपुरात आहे तशी भोपाळच्या मराठी घरांतही ऐकू येते. 1956 च्या नोव्हेंबरात भोपाळ राजधानी झालं. त्याआधी जुन्या मध्य प्रदेशाचा कारभार नागपुरातूनच चालायचा, त्यामुळे इथे ती पोचली यात नवल नाही. पण तिला आधार नाही, आणि तसं खुद्द तो दगडच सांगतो. वालुकाश्माच्या त्या षट्कोनी खांबावर गावांची नावं आणि मैल कोरले आहेत: हैदराबाद 318, जबलपूर 170, बैतूल 101, शिवनी 79. आता हैदराबाद नागपूरपासून सरळ रेषेत मोजलं तर साधारण 260 मैल भरतं. खांबावरचा आकडा त्याहून बराच मोठा आहे, कारण तो सडकेचा आहे. म्हणजे नागपुरातून निघणाऱ्या वाटसरूसाठी हा साधा मैलाचा दगड होता. असे आरंभबिंदू इतर शहरांतही होते. मुंबईचे जुने मैलाचे दगड फोर्टातल्या सेंट थॉमस चर्चपासून मोजलेले आहेत. साऱ्या देशाचा मिळून असा एकच बिंदू इंग्रजांनी ठरवलाच नव्हता.

खांबापाशी ‘ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे’ची 1907 ची खूण आहे, तिच्यामुळे घोळ वाढला. ती उंचीची खूण आहे. खांबाच्या माथ्याची समुद्रसपाटीपासूनची उंची 1020.171 फूट नोंदलेली आहे, आणि अशी मोजणी किनाऱ्यावरून आत येते, नागपुरातून बाहेर जात नाही. खुद्द सर्व्हेची सुरुवातही 1802 साली मद्रासजवळ विल्यम लॅम्बटनने केली. उत्तरेकडे सरकत तो विदर्भात पोचला आणि 1823 साली हिंगणघाटला वारला. खांब उभा राहिला त्याला तेव्हा अजून ऐंशीहून अधिक वर्षं होती.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की आजचा नसेल, पण अखंड भारताचा मध्य तर नागपूरच होतं. पण 1907 साली ब्रह्मदेशही हिंदुस्थानातच मोडत होता. तो आणि बलुचिस्तान दोन्ही धरले तरी टोकांमधला मध्य नागपूरच्या ईशान्येलाच पडतो. आजच्या भारताची चार टोकं घेऊन मध्य काढला तर तो छत्तीसगडात, कोरब्याच्या आसपास येतो. कटनी जिल्ह्यातलं करौंदीही मध्य म्हणवतं. पद्धत बदलली की मध्य हलतो, हे खरंच. पण त्या खांबावर मध्याचा उल्लेखच नाही, तेव्हा तो मान त्याला मागाहून चिकटवलेला आहे.

देशाच्या नकाशाचा आरंभबिंदू पाहायचाच असेल, तर भोपाळकरांना नागपूर गाठण्याची गरज नाही. विदिशा जिल्ह्यातल्या सिरोंजला जॉर्ज एव्हरेस्टने 1824-25 मध्ये आधाररेषा मोजली. त्याच भागातलं कल्याणपूरचं ठाणं पुढे भारतीय भूमापनाचं मूळ ठरलं. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या नकाशांवरचे अक्षांश-रेखांश त्या ठाण्याला धरून काढलेले आहेत. नागपूरच्या वाट्याला येऊन पडलेलं श्रेय या ठाण्याला मिळायला हवं होतं, आणि त्याचं नाव भोपाळातही फारसं कुणी घेत नाही.