हात कोठे आहे, हे मेंदूस कसे कळते?

अंधारात उशाशी ठेवलेल्या तांब्याकडे हात नेताना तो हात आपणांस दिसत नाही; तरीही तो कोठे आहे, याविषयी शंका येत नाही. हे ज्ञान मेंदूतील पेशींत कसे घडते, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करणार आहोत.

प्रथम हालचालीच्या दिशेचा प्रश्न पाहू. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्जोपुलोस व त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांना मध्यबिंदूपासून आठ दिशांना हात नेण्यास शिकविले आणि त्या वेळी हालचालींचे नियमन करणाऱ्या मेंदूच्या भागातील एकेका पेशीचे विद्युत्स्पंद नोंदविले. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात असे दिसून आले की, बहुतेक पेशींची एकेक पसंतीची दिशा असते. हात त्या दिशेने जाताना पेशी सर्वाधिक स्पंदते. दिशा बदलत जाईल तसतसे स्पंदन हळूहळू कमी होते. म्हणजे एकट्या पेशीची साक्ष संदिग्धच असते. परंतु प्रत्येक पेशीसाठी तिच्या पसंतीच्या दिशेने एक बाण कल्पून, त्याची लांबी स्पंदनाच्या प्रमाणात धरून, सर्व बाणांची बेरीज केली असता हाताची दिशा बरीच अचूक मिळते, हे १९८६ साली सिद्ध झाले. येथे अधिपती अशी कोणतीही पेशी नाही. निर्णय समुदायाचा आहे.

आता हाताच्या स्थानाकडे वळू. त्याची वार्ता दोन मार्गांनी येते: एक डोळ्यांवाटे, दुसरी स्नायू व सांधे यांतील ग्राहकांवाटे. प्रिन्स्टन विद्यापीठातील ग्राझियानो व सहकाऱ्यांनी २००० साली माकडाचा खरा हात झाकून वर खोटा हात ठेवला. मेंदूच्या माथ्याकडील भागातील पेशी झाकलेल्या हाताच्या स्थानानुसार स्पंदत होत्याच. शिवाय दिसणाऱ्या खोट्या हाताच्या स्थानानेही त्यांचे स्पंदन बदलत होते. खोटा हात हातासारखा दिसत नसेल, तर मात्र हा परिणाम होत नसे.

मनुष्यही यास अपवाद नाही. बॉट्विनिक व कोहेन यांनी १९९८ साली माणसांचा डावा हात पडद्याआड ठेवून, तो व समोरचा रबरी हात यांवर एकाच वेळी कुंचले फिरविले. पुढे डोळे मिटून डावा हात दाखविण्यास सांगितले असता त्यांचा उजवा हात रबरी हाताच्या बाजूस सरकला.

शिवाय हात चालत असताना ग्राहकांची वार्ता मेंदूत पोहोचेपर्यंत तो पुढे गेलेला असतो. याच माथ्याकडील भागातील पेशी आज्ञेच्या आधारे त्याच्या वर्तमान गतीचा अदमास बांधतात, असे २००८ च्या एका संशोधनावरून दिसते.

या ज्ञानाचे मोल ज्यांचे हातपाय निकामी झाले, त्यांच्यासाठी मोठे आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, सुमारे पंधरा वर्षे चारही अवयव निकामी असलेल्या महिलेने मेंदूतील पेशींच्या संकेतांनी यांत्रिक हात हलवून स्वतः कॉफी प्राशन केली. मात्र तो हात कोठे आहे, हे तिला केवळ डोळ्यांनीच कळत होते. २०२१ साली अन्य एका रुग्णाच्या मेंदूस यांत्रिक हाताच्या स्पर्शाचे संकेत परत पुरविले, तेव्हा वस्तू उचलून ठेवण्यास लागणारा वेळ जवळजवळ निम्म्यावर आला.

यावरून आम्हांस असे प्रतिपादन करावेसे वाटते की, ‘माझा हात येथे आहे’ ही खात्री मेंदूत तयार साठविलेली वस्तू नव्हे. असंख्य पेशी, दृष्टी आणि अंतर्गत संवेदना यांच्या मेळातून ती क्षणोक्षणी घडविली जाते; म्हणूनच ती फसू शकते, आणि म्हणूनच ती नव्याने घडविताही येते.