पिस्तूल कोणते? आधी नियम ३ वाचा!

तळेगाव-चाकणच्या कारखानदारीने सुदुंबऱ्याच्या शिवाराला सोन्याचा भाव आणला. अशा गावातला आपला पुतण्या उद्या म्हणाला, ‘काका, जमिनीपायी धमक्या येतात, पिस्तूल कोणते घेऊ?’ तर काय सांगाल?

सांगा, शस्त्राआधी परवाना. शस्त्र कायदा, १९५९ तेच सांगतो. ९ मिमी सामान्य नागरिकाला मिळत नाही, .३२ बोअरचे मिळते. मॅगझिन काढले तरी चेंबरमध्ये गोळी राहू शकते. घरात लेकरे आहेत, म्हणून आधी प्रशिक्षण.

पण बांधवांनो, खरे शस्त्र दुसरेच आहे. अत्याचार प्रतिबंधक नियम, १९९५ चा नियम ३ काढून वाचा. गरज भासल्यास अनुसूचित जाती-जमातींना शस्त्रपरवाने द्यावेत, हे त्यात आहेच. शिवाय अत्याचाराची भीती असलेल्या भागात इतरांचे परवाने रद्द करून त्यांची शस्त्रे सरकारजमा करावीत, हेही आहे!

२००६ साली खैरलांजीत जमाव चालून आला. तिथे एकट्या घरातले एक पिस्तूल किती पुरले असते? म्हणून पुतण्याला दुकानात एकटा धाडू नका. धमकीची तक्रार आणि नियम ३ चा अर्ज घेऊन सारी वस्ती कचेरीत जा. पोच घेतल्याशिवाय परतू नका.

जय भीम!